सोनं न बघता घेण्याचा सराव

२४ ऑगस्ट, सकाळ

पोळा झाला. काल रोहण्याहून एकटाच वर्ध्याजवळ पिपरी मेघेला घरी परत आलो. सरिता माहेरी थांबली. तिच्या आईचा, म्हणजे लीलाबाईंचा, गुडघा दुखतो. सूज उपगोल, डावीकडे किंचित फुगीर. हे मी त्यांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "असन बापा." एकूण सरिता गुडघ्यासाठी थांबली आहे. माझ्याशी त्याचा काही संबंध नाही.

मला बसपर्यंत सोडायला ती आली नाही. कारण गुडघा.

घर शांत. याचा फायदा घ्यायचा. 'आकारकोश' दिवाळीपर्यंत हातावेगळा करायचा. पानं, फळं, बिया यांच्या आकारांची सगळी मराठी नावं एका पुस्तकात. आपला माणूस 'गोल' आणि 'लांबट' या दोन शब्दांवर जन्म काढतो आणि त्याला त्याची लाजही वाटत नाही. ज्युनियर कॉलेजात इतकी वर्षं बायॉलॉजी शिकवून मी हे बघत बसणार नाही. कोशाची सध्याची स्थिती: प्रस्तावना तयार. ऋणनिर्देशही तयार. त्यात सरिताचं नाव आहे, शेवटून दुसरं.

२६ ऑगस्ट

मीराबाईंचा डबा लावला. भाजी बरी. पोळी वृक्काकृती, म्हणजे किडनीसारखी, एका बाजूने फुगलेली आणि दुसऱ्या बाजूने आत गेलेली. दोष म्हणून नव्हे, निरीक्षण म्हणून सांगितलं. मीराबाई म्हणाल्या, "गोलच पाह्यजे असन त चंद्र खा ना सर."

शिकण्याची वृत्ती कमी.

२७ ऑगस्ट

आज पोळी त्रिकोणी. कडा दंतुर. मीराबाई प्रयोग करू लागल्या आहेत. चांगलं लक्षण.

३१ ऑगस्ट, दुपार

सरिताचा फोन येईना, म्हणून मीच केला. गुडघ्याची चौकशी केली. ती म्हणाली, गुडघा बरा आहे. मग येतेस कधी, असं विचारलं, तर तिने मागच्या दसऱ्याचा विषय काढला. जुने विषय उकरू नयेत असं मी तिला लग्नापासून सांगतो आहे. ती ते कोणकोणत्या वेळी सांगितलं हेही सांगते.

वस्तुस्थिती अशी. मागच्या दसऱ्याला रोहण्यात सासऱ्यांच्या अंगणात अर्धं गाव सोनं द्यायला जमलं होतं. सासऱ्यांनी, रूपरावांनी, मला सोनं म्हणून जे पान दिलं ते आपट्याचं नव्हतं. कांचनाचं होतं. दोन्ही पानं द्विखंडी, मधोमध खाच. सामान्य माणूस फसतो. मी पान उजेडात धरलं आणि सगळ्यांना समजेल अशा भाषेत चार शब्द बोललो. आपट्याचं पान लहान, जाड, लांबीपेक्षा रुंद. कांचनाचं मोठं, पातळ, खाच खोल. मग पान त्यांना परत दिलं. चुकीचा नमुना घेणं माझ्या तत्त्वात बसत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, पण सगळ्यांच्या हातात पानं होती.

रूपरावांची मिशी भालाकृती आहे, दोन्ही टोकं वर वळलेली. त्या संध्याकाळी ती खाली आली एवढं आठवतं. हवा दमट होती.

सरिता म्हणाली, तेव्हापासून बाबा पारावर जाऊन बसत नाहीत. गेले की कोणीतरी विचारतंच, "रूपराव, हे तरी खरं हाय का?" त्यांनी बियाण्याची थैली दिली तरी, चहाचा कप पुढे केला तरी. ऐंशीला टेकलेला माणूस घराच्या मागच्या दाराने शेतात जातो. मग तिने अट घातली. शब्दशः: "यंदा दसऱ्याले या. बाबा जे पान देतीन ते चार लोकाईसमोर घ्या, कपाळाले लावा, पाया पडा. तोंडातून एक शब्द काहाडसान त मी तुमच्यासंग येत नाई. दिवाळीलेही नाई अन् नंतरही नाई."

एवढंच? मला वाटलं काही अवघड असेल.

२ सप्टेंबर

अपेक्षाचा नागपूरहून फोन. पोरगी इंजिनिअरिंगला आहे, पण बोलते आईसारखी. म्हणाली, "बाबा, आई सिरियस आहे. तुम्ही फक्त तोंड बंद ठेवा." तोंड बंद ठेवणं ही काय प्रक्रिया आहे आणि ती मला कशी पूर्वीपासून अवगत आहे, हे मी तिला सविस्तर समजावून सांगितलं. मध्येच तिकडून आवाज येईनासा झाला. नेटवर्क.

संकल्प: आजपासून दसऱ्यापर्यंत कोणत्याही वस्तूच्या आकाराविषयी अवाक्षर काढायचं नाही. सवय लागली की रोहण्यात सोपं जाईल.

४ सप्टेंबर

शेजारच्या रत्नदीपच्या लग्नाचा वाढदिवस. हा आमच्याच कॉलेजात गणित शिकवतो. त्याच्या बायकोने, दीपमालाने, बदामाच्या आकाराचा केक मागवला होता. सगळे 'हार्ट शेप, हार्ट शेप' करत होते. मी गप्प बसलो. पुष्कळ गप्प बसलो. मग फक्त विचारलं, की या केकचा देठ कुठल्या बाजूला धरायचा? कारण खाच देठाकडे असेल तर हृदयाकृती आणि टोकाकडे असेल तर व्यस्त हृदयाकृती. देठ ठरल्याशिवाय नाव देता येत नाही. दीपमालाने सुरी उचलली आणि केक कापायला घेतला.

हा प्रश्न होता, विधान नव्हतं. त्यामुळे संकल्प मोडला असं म्हणता येणार नाही. दीपमालाने मला दिलेला तुकडा पाचराकृती होता आणि लहान होता. हेही बोललो नाही. प्रगती आहे.

९ सप्टेंबर

तंत्र शोधणं सुरू. रत्नदीप म्हणाला, "सर, खर्रा ठेवा तोंडात. खर्रा खानारा मानूस हुं अन् उहुंच्या पुढं जात नाई." शिक्षक असून तंबाखू-सुपारी सुचवतो. मी साधी सुपारी निवडली. मोठी, अख्खी. बारावीच्या वर्गावर तशीच घेऊन गेलो. फळ्यावर आकृत्या काढल्या आणि खुणांनी शिकवलं. वर्ग इतका आनंदी कधी पाहिला नव्हता. मग एका मुलाने वहीत वडाच्या पानाखाली 'भालाकृती' लिहिलेलं दिसलं.

सुपारी गिळली गेली. दुपारभर छातीत अडकल्यासारखं वाटत होतं. आकार अंडाकृती, हे आतूनही जाणवलं.

१३ सप्टेंबर, संध्याकाळ

मूळ कारण सापडलं. दोष तोंडाचा नाही. डोळे बघतात म्हणून तोंड बोलतं. तेव्हा बघायचंच नाही!

रत्नदीपला बोलावलं. मी डोळे मिटून उभा राहिलो, त्याने हातावर एकेक पान ठेवायचं आणि मी ते काही न बोलता खिशात टाकायचं. पहिलं पिंपळाचं, टोक शेपटीसारखं लांब. दुसरं सीताफळाचं. तिसरं त्याने मुद्दाम तोरणातलं प्लास्टिकचं ठेवलं, तेही पकडलं. रत्नदीप म्हणाला, "सर, वळखायचे नव्हते ना पन." बोटंसुद्धा शिकलेली आहेत, त्याला मी काय करणार.

१४ सप्टेंबर

उपाय: रुमाल. पान पसरलेल्या रुमालात घ्यायचं, रुमालासकट कपाळाला लावायचं, तसंच खिशात. पाहणं नाही, स्पर्श नाही. बघणाऱ्याला वाटावं, जवाई किती अदबीने घेतो. नजर पूर्ण वेळ रूपरावांच्या मिशीवर ठेवायची. नवा रुमाल आणला, पांढरा. गॅलरीत सराव केला. समोरच्या घरातल्या बाई पडदा ओढून आत गेल्या.

कांचन तर कांचन. मोठ्या मनाने घ्यायचं, असं ठरवलं आहे. माणसाने क्षमा करायला शिकलं पाहिजे. माझ्यात हा गुण आहे, फक्त वापरण्याची वेळ आली नव्हती.

१८ सप्टेंबर

चाचणीचे पेपर तपासले. 'आपटा व कांचन यांच्या पानांतील फरक लिहा' हा प्रश्न मीच टाकला होता. आकांक्षा नावाच्या मुलीने लिहिलं आहे: 'आपटा – जवाई घेतो. कांचन – जवाई वापस देतो.' चौकशी केली. मूळची रोहण्याची, इथे मामाकडे राहते.

निम्मे गुण दिले. फरक तर स्पष्ट आहे. शिवाय गोष्ट वर्ध्यापर्यंत पोचली, म्हणजे विषयाचा प्रसार होतो आहे. रूपराव उगाच मनाला लावून घेतात.

२२ सप्टेंबर

घट बसले. दर वर्षी सरिता बसवते. मला मातीत कोणतं धान्य किती पेरायचं माहीत नव्हतं, म्हणून बसवला नाही. देवघराकडे जाणं टाळतो आहे.

मीराबाईंनी डबा देताना विचारलं, "बाई कवा येऊन राह्यल्या?" मी म्हणालो, आईचा गुडघा. त्या म्हणाल्या, "लय दिवसाचा गुडघा हाय." पोळी आज नौकाकृती होती. काही बोललो नाही. डबा परत देताना मात्र झाकणावर बोटाने नाव काढून दाखवलं. बोलणं आणि काढून दाखवणं यात फरक आहे.

२७ सप्टेंबर, दुपार

रोहण्याला फोन केला. लीलाबाईंनी उचलला. सरिता घरात नव्हती. म्हणाल्या, "रानात गेलती सकाळीच. कालही गेलती. पाय पाहा पोरीचे, पुरे काट्यानं ओरबाडले." रानात कशाला, असं विचारलं, तर म्हणाल्या, "तुमाले काय करायचं जी. तुमी येजा दसऱ्याले."

फिरायला जात असावी. डॉक्टरने तिला चालायला सांगितलंच होतं. माझं न ऐकता गावाला गेल्यावर ऐकते.

३० सप्टेंबर

यंदा दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी. एक सुट्टी बुडाली. स्टाफरूममध्ये यावर सगळ्यांचं एकमत झालं. दुसऱ्या कशावर होत नाही. तीन तारखेच्या परतीसाठी तेवढी एक रजा टाकली.

रूपरावांना द्यायचं सोनं तयार आहे. कॉलेजच्या वनस्पतीसंग्रहातला, मी स्वतः दाबून वाळवलेला, निर्विवाद आपटा. खाली शास्त्रीय नाव, कुळ, आणि 'अस्सल' असं लेबल. अपेक्षाला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन. लेबल काढा, बाबा. आत्ताच काढा, मला फोटो पाठवा. काढलं. मग पानाच्या मागे पेन्सिलने बारीक लिहिलं. पेन्सिल म्हणजे लिहिणं नव्हे, खोडता येतं.

२ ऑक्टोबर, सकाळ

रत्नदीप सहकुटुंब दीक्षाभूमीला निघाला होता. जाता जाता मला वर्ध्याच्या बसस्टँडवर सोडलं. पांढऱ्या कपड्यांत सगळे छान दिसत होते. उतरताना दीपमाला म्हणाली, "सर, देठ शोधू नका तिथं." रत्नदीप म्हणाला, "सोनं घ्या अन् ताईले घेऊन या."

रुमाल वरच्या खिशात. सुपारी राखीव म्हणून पँटच्या खिशात.

२ ऑक्टोबर, संध्याकाळ, रोहणा

यश! पूर्ण यश!

सविस्तर लिहितो. अंगण सारवलेलं, रांगोळी (आकार लिहीत नाही). गाव मागच्या वर्षीपेक्षा जास्त जमलेलं. त्यातले निम्मे मलाच बघायला आलेले, हे कळत होतं. रूपराव धुतलेलं धोतर नेसून उभे. मिशी वर. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पान काढलं, दोन्ही हातांनी धरलं. पुढे करायला जरा वेळ लावला. वय.

मी रुमाल पसरला. नजर मिशीवर. पान आलं, रुमाल मिटला, कपाळाला लावला, खिशात टाकला. पाया पडलो. ओठ मिटलेले.

रूपराव थांबून राहिले. मग म्हणाले, "काही म्हनत नाई का, जवाईबापू?" सापळा! मी मान हलवली. नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "पास झाला जवाई." लोक हसले. मी दिलेलं पान त्यांनी न बघताच कपाळाला लावलं आणि खिशात ठेवलं. पेन्सिलचं अक्षर वाया गेलं.

सरिता दारात उभी होती. सगळे पानाकडे बघत होते आणि ती एकटी माझ्या चेहऱ्याकडे. शेवटपर्यंत. तिला आनंद झाला असणार, तो तिच्या चेहऱ्यावर नेहमी उशिरा दिसतो. तिने बॅग भरून ठेवली आहे, मी स्वतः बघितली. तिच्या पायावर ओरखडे आहेत. तिला विचारायचं राहून गेलं.

उद्या दोघं घरी. ऋणनिर्देशात तिचं नाव पहिलं घ्यायचं.

३ ऑक्टोबर, दुपार, घर

सकाळच्या बसने निघालो. बसायला जागा मिळाली. सरिता खिडकीशी. बरंच अंतर ती बाहेर बघत होती. मग माझ्याकडे वळली, जरा हसली आणि म्हणाली, "पान कसं होतं?"

इतक्या दिवसांनी हसली होती. मला भरून आलं. म्हणून मनातलं मोकळेपणाने सांगितलं. म्हणालो, "कसं का असेना. कांचन असलं तरी मी एक शब्द काढला का? बाबांना सगळ्यांसमोर सांभाळून घेतलं. माझ्यासारख्या माणसाला किती जड गेलं असेल, विचार कर."

पुढच्या फाट्यावर बस थांबली तेव्हा तिने पायाशी ठेवलेली बॅग उचलली आणि उतरली. समोरून आर्वीकडे, म्हणजे परत रोहण्याच्या दिशेने जाणारी बस येत होती. तिने हात केला, ती थांबली, ही चढली.

मला वाटलं, घरी काही विसरली असेल. कंडक्टरने विचारलं, "मॅडम कुठं गेल्या जी?" विसरली असेल, असं त्यालाही सांगितलं. त्याने बेल मारली.

३ ऑक्टोबर, संध्याकाळ

रुमाल धुवायला टाकायचा म्हणून खिशातून काढला. पान बाहेर आलं.

लहान. जाड, चामड्यासारखं. लांबीपेक्षा रुंदी जास्त. खाच उथळ. मागची बाजू करडी, लव असलेली. भिंग घेऊन बघितलं. पुन्हा बघितलं. खिडकीशी जाऊन बघितलं.

आपटा.

संशयाला जागा नाही. इतका चांगला नमुना माझ्या संग्रहातही नाही.

लगेच रोहण्याला फोन लावला. चूक सुधारणं हा माझा स्वभाव आहे. रूपरावांनी उचलला. मी म्हणालो, मामाजी, पान आपट्याचं आहे. ते म्हणाले, "हो जी." मग म्हणाले, "मागच्या साली तुमचंच बरोबर होतं, जवाईबापू. ते कांचनच होतं. बाजारात भेटलं ते म्या आनलं, मले कुठं समजते. यंदा सरितानं रानं पालथी घातली. म्हने, बाबा, ते बोलनार त नाईत. पन पान पाह्यल्याबरोबर त्याईच्या तोंडावर दिसन. मले तेवढंच पायचं हाय."

मी विचारलं, सरिता आहे का. ते म्हणाले, हाय. मग पलीकडे कोणी कोणाशी तरी बोललं आणि ते परत येऊन म्हणाले, "झोपली हाय." सहा वाजले होते. बाहेर उजेड होता.

ओरखडे कशाचे ते तिला विचारायला हवं होतं. मला फार वाईट वाटतं आहे. हे कोणत्या शब्दात लिहायचं ते कळत नाही.

४ ऑक्टोबर

पान कोशात ठेवलं, प्रस्तावनेच्या पानात. रोहण्याला दोनदा फोन केला. लीलाबाई म्हणाल्या, दिवाळीचं दिवाळीले पाहू.

दुपारी मीराबाई आल्या. बाई आल्या का, असं विचारतील म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. गुडघाच सांगणार होतो. त्यांनी विचारलं नाही. डबा ठेवला, रिकामा डबा उचलला आणि गेल्या.

उघडला. पोळ्या गोल होत्या. सगळ्या. मीराबाईंना कळलेलं दिसतं.